एका गॅरेजमधल्या दोन गाड्या: १९७२ ची एमजीबी आणि २०२२ ची सिएना (प्रकल्प नोंदी)

१६ मार्च २०२४, शनिवार

रात्री जेवताना थोरलीने विचारलं, "बाबा, आपल्या दोन गाड्यांतली कुठली जास्त पळते?" मी तोंड उघडायच्या आत बायको म्हणाली, "अंदाजपंचे सांगू नकोस, मोजून सांग." म्हणून ह्या नोंदी. थोरली अकरा वर्षांची आहे आणि तिचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे. तेव्हा आकडे तिच्या वहीत आणि बाकीचं इथे, असं ठरलं.

पहिली गाडी १९७२ ची एमजीबी, एमजी कंपनीची स्पोर्ट्स कार. दोन सीट, कापडी टप, गडद हिरवा रंग. इंग्लंडमध्ये अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात बनलेली, पण डाव्या स्टेअरिंगची, अमेरिकेसाठीच काढलेली. हे मॉडेल १९६२ ला आलं आणि १९८० मध्ये तो कारखाना बंद पडेपर्यंत चाललं. पाच लाखांहून जास्त गाड्या निघाल्या, त्यामुळे आजही तिचा जवळपास प्रत्येक सुटा पार्ट नवा मिळतो. हे नसतं तर माझ्यासारख्या नोकरदार माणसाला ही गाडी सांभाळणं जमलंच नसतं.

दुसरी २०२२ ची टोयोटा सिएना. हायब्रिड, सात सीट, इंडियानातल्या प्रिन्स्टनला बनलेली. इथे न्यू जर्सीत, ब्रिजवॉटरच्या बालाजी मंदिरात रविवारी गेलं की पार्किंगमध्ये आपली सिएना कुठली हे शोधायला किल्लीचं बटण दाबावं लागतं, इतक्या त्या उभ्या असतात.

मोजायचं काय: वजन, पिकअप, ब्रेक, अ‍ॅव्हरेज, आवाज. धाकटीने एक भर घातली, "कुठल्या गाडीतून मी दिसते तेपण." तेही घेतलं.

नियम एवढाच की दोन्ही गाड्यांना तोच रस्ता, तोच दिवस, आणि शक्यतो तोच ड्रायव्हर.

२३ मार्च, शनिवार

ट्रक स्टॉपवरच्या काट्यावर दोन्ही गाड्या नेल्या. टाकी अर्धी, आत कुणी नाही.

एमजी २,३०० पाउंड, म्हणजे हजार किलोच्या थोडं वर. सिएना ४,६६०. एका सिएनात दोन एमजी बसतात आणि वर एक मोटारसायकलचं इंजिन उरतं, असं मी म्हणालो. थोरलीने मात्र लगेच भागाकार केला. सीटमागे एमजी ११५० पाउंड आणि सिएना ६६५. "म्हणजे माणसामागे तुझीच गाडी जड आहे."

मी गप्प बसलो. इतकी वर्षं एमजीला हलकी गाडी म्हणत आलो आणि ह्या बाजूने कधी पाहिलंच नव्हतं. काट्याने पुढच्या-मागच्या चाकांचं वजनही वेगळं दिलं. एमजीचं पुढे ११८०, मागे ११२०. तिच्या वळणातल्या समतोलाचं मूळ ह्या दोन आकड्यांत आहे.

२४ मार्च, रविवार

सकाळी सहा वाजता आय-७८ हायवेला लागणारा लांब रॅम्प. रस्ता कोरडा, गाड्या जवळजवळ नाहीत. फोनवर जीपीएसचं घड्याळ लावलं. शून्यापासून ताशी साठ मैलांपर्यंत किती वेळ, ते मोजायचं.

सिएना ७.७ सेकंद. एमजी १५.२.

एमजीबी नवी होती तेव्हाच्या चाचण्यांत हा आकडा बारा सेकंदांच्या आसपास येत असे. माझ्या गाडीचं कॉम्प्रेशन (सिलिंडरमधलं मिश्रण किती पट दाबलं जातं ते) अमेरिकेतल्या प्रदूषणाच्या नियमांसाठी मुळातच कमी ठेवलेलं आहे, ८.८ च्या जागी ८, त्यामुळे ती थोडी मागे राहणारच. पण तीन सेकंद? शिवाय इंजिन मिनिटाला चार हजार फेऱ्यांच्या वर गेलं की मिस मारत होती, म्हणजे एखादा सिलिंडर मध्येच पेटायचा चुकत होता. आजारी माणसाला तालमीत उतरवून कुस्ती मोजण्यात अर्थ नाही. आधी एमजी नीट करायची, मग तुलना. सिएनाला काही करायचं नाही, तिला काही लागतच नाही.

३० मार्च, शनिवार

दिवसभर गॅरेजमध्ये. टॅपेट (व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या रॉकरमधली फट), प्लग, सीबी पॉइंट (ठिणगीसाठी वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या टिकल्या).

हे काम मी शिकलो ते कोल्हापुरात, उद्यमनगरात, मामाच्या गॅरेजमध्ये. मामाकडे अँबॅसिडर यायच्या. दहावीच्या सुट्टीत मी तिथे पाने पुसायला होतो. अमेरिकेत एमजी घेतल्यावर पहिल्यांदा टॅपेट कव्हर उघडलं तेव्हा मी तसाच उभा राहिलो होतो. आतलं सगळं ओळखीचं. तोच रॉकर शाफ्ट, तसेच आठ स्क्रू, तसेच लॉकनट. मग वाचून कळलं की ओळख खरीच होती. अँबॅसिडरचं जुनं १४८९ सीसीचं इंजिन आणि एमजीबीचं १७९८ सीसीचं, दोन्ही एकाच घराण्यातली, इंग्लंडच्या बीएमसी कंपनीच्या बी-सिरीजची. दोघांचा स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) एकच, ८८.९ मिलिमीटर. बोअर (सिलिंडरची रुंदी) तेवढा वेगळा, अँबॅसिडरचा ७३ आणि एमजीचा ८०.२६. स्पोर्ट्स कार म्हणून जी मी मिरवत होतो तिचं काळीज कोल्हापूरच्या टॅक्सीतलंच, जरा रुंद छातीचं.

थोरलीला मामाची "नऊची बेरीज" शिकवली. आठ व्हॉल्व्ह, पुढून मागे एक ते आठ. इंजिन हाताने फिरवायचं. आठवा व्हॉल्व्ह पूर्ण दाबला गेला की पहिल्याचा गॅप बघायचा. सहावा दाबला की तिसरा. दोघांची बेरीज कायम नऊ. पुस्तक उघडायची गरज नाही. फिलर गेजची पंधरा थाऊची (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) पट्टी रॉकर आणि व्हॉल्व्हच्या मध्ये घालायची, ती लोण्यातून सुरी जावी तशी गेली तर गॅप मोठा, अडकली तर लहान. किंचित धरून ओढली जायला हवी. मामा म्हणायचा, "पट्टीनं तुझा हात सोडू नये आणि धरूनबी ठेवू नये."

तिसऱ्याचा गॅप वीसवर गेला होता, आणि सातव्यात पट्टी शिरतच नव्हती. सातवा म्हणजे शेवटून दुसरा, चौथ्या सिलिंडरचा. तो गरम झाल्यावर पूर्ण मिटत नसणार, म्हणजे त्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन गळत होतं. मिस मारण्याचं एक कारण इथेच सापडलं.

थोरलीने वहीत आठही आकडे लिहिले. तिची बोटं माझ्यापेक्षा बारीक, पट्टी तिच्या हातात जास्त बोलते.

५ एप्रिल, शुक्रवार

आज काम करायचं नव्हतं, तरी नोंद करतो.

सकाळी १० वाजून २३ मिनिटांनी भूकंप झाला. ४.८ चा. केंद्र व्हाइटहाउस स्टेशन ह्या गावाजवळ, आमच्या घरापासून फार लांब नाही. मी वरच्या खोलीत मीटिंगमध्ये होतो. आधी वाटलं घरावरून ट्रक गेला. भिंतीवरची घड्याळं हलली, खालून भांड्यांचा आवाज आला, आणि माझ्या डोक्यात एकच आलं: एमजी घोड्यांवर आहे.

मागचे ड्रम उघडायचे म्हणून काल रात्री मागची बाजू दोन घोड्यांवर, म्हणजे लोखंडी स्टँडवर, चढवून ठेवली होती, दोन्ही चाकं काढून भिंतीला लावलेली. धावत खाली गेलो. गाडी होती तशी होती. एक चाक घरंगळून सिएनाच्या दाराला टेकलं होतं, ओरखडाही नाही. मुली शाळेत, बायको ऑफिसात, दोन्हीकडून तिघीही सुखरूप असल्याचे निरोप दहा मिनिटांत आले.

पण त्या गाडीखाली काल रात्री साडेदहाला मी आडवा पडून काम करत होतो. बारा तासांचा फरक. आजपासून नियम: गाडी घोड्यांवर असेल तेव्हा काढलेली चाकं आडवी करून गाडीखालीच सरकवायची. गाडी घसरली तरी चाकावर पडेल, माणसावर नाही. मामाकडे हे सगळेच करायचे. मी मधल्या वर्षांत सोडलं होतं.

९ एप्रिल, मंगळवार

पाडवा. गुढी उभारली, श्रीखंड घरचं. काम बंद.

१४ एप्रिल, रविवार

आई काल रात्री आली. मुंबईहून नेवार्कला उतरली, सिएनातून घरी. सरकत्या दारातून पायरी न चढता सीटवर बसली आणि म्हणाली, "हे बरं आहे, गुडघ्याला कळलंसुद्धा नाही." तिचे दोन्ही गुडघे दुखतात. हा आकडा कुठल्या रकान्यात लिहायचा ते थोरलीला विचारलं. तिने "आजी" असा नवा रकाना आखला.

आज सकाळी मी गॅरेजमध्ये एमजी चालू केली. आई स्वयंपाकघरात चहा करत होती, तिने अजून ती गाडी पाहिलेली नव्हती. हातात गाळणी तशीच धरून ती दारात आली. "अरे, ही तर दादाच्या गॅरेजातली अँबॅसिडर!"

मी तिला बोअर आणि स्ट्रोक सांगितला नाही. तिला कानाने कळलं होतं.

२० एप्रिल, शनिवार

मिसिंग टॅपेटने अर्धं गेलं, अर्धं राहिलं. संशय इग्निशनवर.

सीबी पॉइंटची टोकं तीन आठवड्यांत काळी पडलेली. असं होतं तेव्हा कंडेन्सर बघायचा. पॉइंट उघडतो त्या क्षणी वीज त्या फटीतून उडी मारू पाहते. कंडेन्सर ती क्षणभर पोटात घेतो म्हणून ठिणगी प्लगला पडते, पॉइंटला नाही. कंडेन्सर मेला की उलटं होतं. मी फेब्रुवारीत एका ऑनलाइन दुकानातून नवा बसवला होता. अडीच महिनेही टिकला नाही. जुना, पन्नास वर्षांचा, डब्यात होता. तो लावला. इंजिन एका सुरात आलं.

दुकानाला पत्र लिहिलं, उत्तर नाही. राग ह्याचा आहे की नव्या वस्तूवर विश्वास ठेवून जुनी चांगली वस्तू मी काढली. ह्यापुढे काढलेला पार्ट चालू असेल तर डब्यावर तारीख टाकून ठेवणार.

प्लगचा गॅप पंचवीस थाऊ, पॉइंटचा पंधरा. कार्बोरेटर दोन्ही सारखे श्वास घेतात का ते रबरी नळी कानाला लावून ऐकलं. मागचा जास्त ओढत होता, समान केला.

२७ एप्रिल, शनिवार

तोच रॅम्प, तीच वेळ. एमजी १३.३. सिएना पुन्हा ७.७, सेकंदाच्या दशांशापर्यंत तीच.

दोन सेकंद परत मिळवले ह्याचा मला सिएनाच्या आकड्याहून जास्त आनंद झाला, हे लिहायला हरकत नाही. पण थोरलीच्या प्रश्नाचं उत्तर आता स्पष्ट आहे. सात माणसांची, दुप्पट वजनाची, कपहोल्डर मोजता मोजता दमायला होणारी गाडी माझ्या स्पोर्ट्स कारला पहिल्या सिग्नललाच मागे टाकते, आणि थोडीथोडकी नाही.

तिने वहीत लिहिलं आणि मान वर करून विचारलं, "मग तुला ह्यात हळू का वाटत नाही?"

११ मे, शनिवार

ब्रेक. ओळखीच्यांच्या ऑफिसचं रिकामं पार्किंग, परवानगी घेऊन. तीस मैलांवरून पूर्ण थांबेपर्यंत, टेपने मोजून, प्रत्येकी पाच वेळा.

सिएना १०.८ मीटर, पाचही वेळा वीतभराच्या फरकात. एमजी सरासरी १३.५, सर्वांत वाईट १५. पुढे डिस्क आहेत, मागे ड्रम, पायाचा जोर वाढवणारा सर्वो नाही, चाकं लॉक होऊ न देणाऱ्या एबीएसचा तर प्रश्नच नाही. चौथ्या वेळी मागचं डावं चाक लॉक झालं आणि शेपूट हातभर सरकली. पायाखाली ते आधी कळलं, मग टायरचा आवाज आला.

पावणेतीन मीटर म्हणजे काय ते कळावं म्हणून धाकटीला त्या दोन खुणांच्या मध्ये हात पसरून उभं केलं. ती मावली आणि दोन्ही बाजूंना जागा उरली. त्यानंतर कुणी काही बोललं नाही.

एमजीत एअरबॅग नाही, दारात लोखंडी तुळई नाही. पट्टे मी नवे बसवलेत. पण मुलींना त्या गाडीत बसवून हायवेला न्यायचं नाही हे आज पक्कं केलं. गल्लीतून, तीसच्या आत, एवढंच. ह्या बाबतीत दोन गाड्यांची तुलनाच होत नाही, आणि मी ती ओढूनताणून करणार नाही.

१८ मे, शनिवार

आवाज: ५५ मैलांवर टप उघडा असताना एमजी ९२ डेसिबल, सिएना ६६. सिएनात मागच्या सीटवरच्या धाकटीशी बोलता येतं. एमजीत शेजारच्याशीही ओरडावं लागतं.

नजर: माझे डोळे एमजीत जमिनीपासून ४३ इंचांवर, सिएनात ५८. थोरलीच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे असं मला वाटतं. एमजीत रस्ता नाकासमोरून वाहतो. हात बाहेर सोडला तर डांबर फार लांब नाही. चाळीस मैलांना तिथे साठ वाटतात, आणि सिएनात साठला चाळीस.

धाकटीची चाचणी: ती दोन्ही गाड्यांच्या मागे उभी राहिली. एमजीची शेपूट इतकी खाली की मान वळवली की ती अख्खी दिसते. सिएनात मान वळवून ती अजिबात दिसली नाही, कॅमेऱ्यात स्वच्छ दिसली. ती म्हणाली, "म्हणजे कॅमेरा मळला तर मी नाही दिसणार." त्या क्षणापासून सिएनाचा मागचा कॅमेरा पुसायचं काम तिने स्वतःकडे घेतलंय. डिकीत तिचा पिवळा फडका आहे.

संध्याकाळी थोरलीला सिएनाचा गिअरबॉक्स समजावला. खरं तर मी स्वतःच दोन आठवडे वाचत होतो, कारण मला लाज वाटायला लागली होती: रोज जी गाडी चालवतो तिच्या पोटात काय आहे ते मला माहीत नव्हतं. त्यात बदलायचे गिअर नाहीतच. मध्ये एक सूर्य, भोवती ग्रह, बाहेर दातेरी कडं. ग्रहांची चौकट इंजिन फिरवतं, सूर्याला एक मोटर जोडलेली, कड्यातून ताकद चाकांकडे जाते आणि तिथे दुसरी मोटर भर घालते. सूर्याची मोटर किती फिरते ह्यावर इंजिन कुठल्या गतीला चालेल ते ठरतं. ना क्लच, ना पट्टा, घासून झिजणारं काहीच नाही. इतकं थोड्यात इतकं साधलेलं यंत्र मी दुसरं पाहिलेलं नाही. टोयोटाच्या माहितीपुस्तकांत त्या दोन मोटरींना एमजी-१ आणि एमजी-२ म्हणतात, मोटर-जनरेटर ह्याचं लघुरूप. हे कळल्यावर दोघी मुली ओरडल्याच. "म्हणजे आपल्याकडे तीन एमजी आहेत!"

१ जून, शनिवार

अ‍ॅव्हरेजचा दिवस. ब्रिजवॉटर, २०२ नंबरच्या रस्त्याने फ्लेमिंग्टन, १२ नंबरने फ्रेंचटाउन, तिथून २९ नंबरने डेलावेअर नदीच्या काठाने लॅम्बर्टव्हिल आणि परत. एमजीत मी एकटा. मागे सिएनात बायको, आई, दोघी मुली आणि पोहे. न्यू जर्सीत ग्राहकाने स्वतः पेट्रोल भरायला कायद्याने बंदी आहे, म्हणून पंपावरच्या काकांना सांगितलं, दोन्ही गाड्या पहिल्या क्लिकला थांबवा, एक थेंबही वर नको.

२९ नंबर हा रस्ता एमजीसाठीच आखला असावा. एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला टेकडी, वळणं मोकळी आणि एकामागून एक. ओव्हरड्राइव्ह (चौथ्याच्या वरचा जादा गिअर) नाही, चौथ्या गिअरमध्ये पंचेचाळीसला इंजिन गुणगुणतं. आरशात सिएनाचं मोठं पांढरं तोंड.

बुल्स आयलंड ह्या नदीतल्या बेटाच्या अलीकडे इंजिन एकदम भुकेलं झालं. मिस नाही, खोकला नाही, फक्त ताकद ओसरत गेली, जसा नळ बंद होताना पाण्याची धार बारीक होते. क्लच दाबला, गडगडत बेटाच्या पार्किंगमध्ये शिरलो आणि थांबलो. सिएना मागोमाग.

चावी बंद केली. परत चालू केली, स्टार्टर न मारता. ऐकलं. काहीच नाही.

ह्या गाडीचा पेट्रोल पंप विजेवर चालतो, मागच्या उजव्या बाजूला असतो. चावी फिरवली की तो टिक-टिक-टिक करतो, कार्बोरेटर भरले की थांबतो. सहा वर्षं रोज ऐकलेला आवाज. तो नाही म्हटल्यावर निदान तिथेच झालं. बारा-तेराचा पाना घेतला, त्याच्या मागच्या टोकाने पंपाच्या अंगावर हलकेच तीन टिचक्या मारल्या. टिक. मग लगेच टिक-टिक-टिक, घाईघाईने, आणि मग शांत.

आई सिएनाच्या दारात बसून बघत होती. "दादा पण असाच ठोकायचा," ती म्हणाली. सगळ्यांनी तिथेच पोहे खाल्ले. मुली पुलावरून चालत नदीपलीकडच्या पेनसिल्व्हेनिया राज्यात जाऊन आल्या. परतीच्या वाटेत आणखी एकदा ठोकावं लागलं.

आकडे: ६२ मैल. एमजी २.४ गॅलन, म्हणजे लिटरला ११ किलोमीटर. सिएना १.६५ गॅलन, लिटरला १६. थोरलीने माणसांनी गुणलं. सिएनात चौघी, एमजीत एकटा मी. तो आकडा मी इथे लिहीत नाही, तिच्या वहीत आहे, लाल शाईत.

२ जून, रविवार

पंप उघडला. आत तशाच दोन टिकल्या, सीबी पॉइंटसारख्या. पडदा मागे-पुढे होतो, टिकल्या जुळतात, सुटतात, प्रत्येक वेळी बारीक ठिणगी. कितीतरी वर्षांच्या ठिणग्यांनी एकीवर खळगा आणि दुसरीवर उंचवटा झालेला. नखाने लागत होता. बारीक पॉलिश पेपरने सरळ केल्या, नव्या मागवल्या. गाडीला लावल्यावर मुद्दाम चार वेळा चावी फिरवली, नुसतं ऐकायला.

८ जून, शनिवार

थोरलीने नवा रकाना केला: "बाबाचे तास." मार्चपासून एमजीवर ४१, सिएनावर शून्य. सिएनाचं ऑइल दहा हजार मैलांनी, प्लग एक लाख वीस हजार मैलांनी. एमजीचं ऑइल तीन हजार मैलांनी आणि बाकी जेव्हा ती सांगेल तेव्हा.

हा रकाना बघत मी बराच वेळ बसलो. सिएनाला कामच लागत नाही असं मी मार्चमध्ये लिहिलंय. ते चूक आहे. इंजिनच्या पोटात तीच कामं आहेत: व्हॉल्व्हचा गॅप, ठिणगीची वेळ, पेट्रोलचं माप, सगळी. फक्त ती कुणीतरी आधीच करून ठेवलीत. कुठल्या तरी ड्रॉइंग बोर्डवर, कुठल्या तरी चाचणीच्या ट्रॅकवर अनेक माणसांनी अनेक वर्षं घालवली, म्हणून माझी बायको रोज साडेसातला चावी न फिरवता बटण दाबून निघते आणि आईच्या गुडघ्याला काही कळत नाही. त्या माणसांचे तास वहीत कुठेच नाहीत. एमजीच्या माणसांनीही जीव लावूनच काम केलं होतं. पण त्यांनी त्यातला काही भाग मालकासाठी शिल्लक ठेवला, कारण १९६२ साली तेवढंच शक्य होतं. त्या शिल्लक भागापायी मामा मामा झाला आणि उद्यमनगरातली निम्मी पोरं कामाला लागली.

थोरलीला हे सांगितलं. तिने रकान्याखाली लिहिलं: "सिएनाचे तास मोजता आले नाहीत."

१५ जून, शनिवार

सिएना बंद. मुलींनी काल रात्री आत बसून चित्रं काढली, आतला दिवा रात्रभर चालू राहिला, मीही झोपण्याआधी बघितलं नाही. हायब्रिडची मोठी बॅटरी भरलेली, पण तिला जागं करायला जी लहान बारा व्होल्टची लागते तीच उतरलेली. बटण दाबलं तरी पडदा काळाच.

एमजीच्या सीटमागे सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असतात, एकापुढे एक जोडलेल्या, मिळून बारा. एमजी बाहेर काढली, पुस्तकात दाखवलंय तशा दोन तारा जोडल्या. अर्ध्या मिनिटात सिएनाचे सगळे दिवे लागले. धाकटीने एमजीच्या बोनेटवर थाप मारली.

२२ जून, शनिवार

आईला एमजीत बसायचं होतं. मी दोनदा नको म्हणालो. सीट इतकी खाली की तिथे बसणं म्हणजे जमिनीवर बसणं. ती म्हणाली, "जमिनीवर बसतच जन्म गेला माझा."

आधी पाठ आत, मग बसकण, मग मी एकेक पाय उचलून आत घेतला. चार मिनिटं लागली, थोरलीने मोजली. गल्लीच्या चार फेऱ्या, पंचवीस मैलांच्या आत. आईने डोक्यावरून पदर घेतला आणि कानामागे खोचला. दुसऱ्या गिअरला ती म्हणाली, "आता तिसरा टाक." मी पाहिलं तर ती रस्त्याकडे बघत नव्हती. डोळे मिटून ऐकत होती. वेळ बरोबर होती.

उतरायला सहा मिनिटं. रात्री गुडघ्याला तेल लावून दिलं. "आजी" रकान्यात थोरलीने दोन्ही गाड्यांपुढे टिक केली. कशासाठी ते लिहिलं नाही आणि मी विचारलं नाही.

६ जुलै, शनिवार

हजार मैल झाले, टॅपेट पुन्हा तपासले. आज मी पाना धरला नाही. इंजिन थोरलीने फिरवलं, पट्टी तिने घातली, लॉकनट तिने आवळला. मी फक्त दिवा धरला. धाकटी स्टुलावर बसून मोठ्याने बेरजा करत होती: "आठ दाबलाय, एक बघ. सहा दाबलाय, तीन बघ. सात दाबलाय..."

"दोन," थोरली म्हणाली आणि पट्टी आत सरकवली.